बिननावाचा पेपर

मे महिना. शंकरनगरची शाळा.
शेहेचाळीस डिग्री, आणि खिडकीतला कूलर
खसचा ओला वास सोडत होता आमच्या मानांवर.
त्या ताट्या ओळखीच्या होत्या मला.
आई भरायची, टेका नाक्याजवळच्या गोदामात,
डझनावर पैसे.
हिशेब माझ्याकडे.
सतरा डझन, साडेचारनं.
मी उभ्या उभ्या आकडा सांगायची,
शेठ कॅल्क्युलेटर शोधायचा, बोटं मारायचा,
आणि म्हणायचा, हं, बरोबर आहे.

प्रश्नपत्रिकेआधी एक कागद आला.
आडनाव. नाव. मग प्रवर्ग,
गोल पूर्ण काळा करा, रेषेबाहेर जाऊ देऊ नका.
पर्यवेक्षक बाई बाकांमधून फिरत होत्या.
माझ्यापाशी थांबल्या. "गजभिये का?"
आवाजात राग नव्हता, हे मुद्दाम सांगते.
उलट माया होती, आजाऱ्याशी बोलावं तशी.
"टेन्शन नको घेऊ गं. तुमचं कमीवरही होऊन जाते."

तुमचं.
एवढासा शब्द, आणि माझ्या बाकावर
सगळी वस्ती येऊन बसली दाटीवाटीनं.
कमाल चौकातला पंक्चरवाला काका,
सातवीला दोनदा बसलेली आत्या,
आणि अजून जन्मायची होती ती पोरंसुद्धा.
मी चुकले तर ते सगळे चुकणार होते.
सगळ्यांचे हात माझ्या एका पेन्सिलीवर.
अशा पेन्सिलीनं एकदा लिहून पाहा.

तेविसावा प्रश्न डझनांचाच होता.
सोपा होता. सोपा आहे हे मला कळत होतं.
तीनदा वाचला,
आणि तिन्ही वेळा मधूनच कुणीतरी म्हणालं,
पाहू, हिले जमते का.
बाई नव्हेत. त्या केव्हाच पुढच्या रांगेत गेल्या होत्या.
आवाज माझा होता, माझ्याच बोलीत.
सतरा साडेचार... सतरा साडेचार...
घाम गोलावर पडला आणि काळं पसरलं
रेषेबाहेर.

बस झाशी राणी चौकात वळली तेव्हा
उत्तर आलं. साडेशहात्तर.
कुणी विचारलं नव्हतं.

कमीवरही झालं नाही.

आता बावीस वर्षांनी इंदोऱ्यात माझा क्लास आहे,
पिठाच्या गिरणीवरची खोली, फळा सारखा थरथरतो.
शनिवारी टेस्ट. पेपर मीच टाईप करते.
नावाची चौकट पहिल्या पानावरून उचलली
आणि शेवटच्या पानाच्या तळाशी नेऊन ठेवली.
"मॅडम, नाव काहून शेवटी?" हर्षल उईके.
म्हटलं, प्रिंटर बिघडला.

त्यानं फार काही होत नाही.
प्रज्योतचे पाढे कच्चे ते कच्चेच,
निदा अन्सारी भागाकारातला शून्य गिळते
आणि वर हसते.
मोठ्या परीक्षेत तो रकाना पहिल्याच पानावर असेल,
आणि बाकापाशी थांबेलच कुणी ना कुणी, मायेनं.
ते मला प्रिंटरवर ढकलता येणार नाही.

परवा मात्र एक पेपर बिननावाचा आला.
पोट्टं शेवटच्या गणितात इतकं बुडालं
की चौकटीपर्यंत पोचलंच नाही.
पन्नासपैकी सत्तेचाळीस.
अक्षरावरून ओळखता आलं असतं,
सातच्या पोटात आडवी रेघ मारणारे
माझ्याकडे दोघंच.
नाही पाहिलं. लाल पेनाला टोपण लावलं
आणि खालची गिरणी थांबेस्तोवर
तो कागद मांडीवर घेऊन बसले.

सोमवारी विचारीन, कोणाचा बे हा?
तीन हात तरी वर होतील.